कळफलक आणि काच



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मोबाइल फोनच्या खरेदीसारख्या घरगुती विषयावर बोलणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. संस्थेचा इतिहास, गुरुजनांचे स्मरण, मातृभाषेचे महत्त्व हे अशा प्रसंगीचे रूढ विषय. परंतु जून महिन्यात वह्यापुस्तकांच्या यादीबरोबरच आज बहुतेक घरांत एक प्रश्न उभा राहतो आणि तो वह्यापुस्तकांच्या एकूण खर्चापेक्षा मोठ्या रकमेचा असतो. मुलाच्या हाती कामापुरता साधा फोन द्यावा, की चित्रे, गाणी, खेळ, चलच्चित्रे हे सारे दाखवणारा मोठ्या काचेचा द्यावा? बाप पहिल्या बाजूचा असतो, मुलगा दुसऱ्या बाजूचा, आणि आई बहुधा दोघांमध्ये. शाळेला या भांडणात मत विचारले जात नाही. परिणाम मात्र तिच्याच वर्गात येऊन बसतात.

हा वाद वाटतो तितका नवा नाही. २००८ साली नोकिया या एकाच कंपनीने काही महिन्यांच्या अंतराने दोन फोन बाजारात आणले. पहिला ई-७१. पोलादी अंगाचा, सडपातळ, छोट्या पडद्याखाली अक्षरांचा पूर्ण कळफलक असलेला. पत्रव्यवहार करणाऱ्या, हिशेब पाहणाऱ्या माणसासाठी घडवलेला. दुसरा ५८०० एक्सप्रेसम्यूझिक. त्यावर अक्षरांच्या कळाच नव्हत्या, होती ३.२ इंचांची स्पर्शाने चालणारी काच, आणि सोबत गिटारच्या नखीच्या आकाराचा एक तुकडा, बोटाऐवजी टेकवायला. दोघांच्या आतली मूळ प्रणाली एकाच कुळातली, कॅमेरेही दोघांचे ३.२ मेगापिक्सेलचेच. भेद होता तो मालकाविषयीच्या कल्पनेत. एकाने मालक लिहिणारा आहे असे गृहीत धरले, दुसऱ्याने तो पाहणारा आणि ऐकणारा आहे असे. त्या काळी नोकरदार तरुण या दोहोंत महिनोन्‌महिने घुटमळत. ई-७१मध्ये एक गमतीची सोय होती. त्याचा मुख्य पडदा दोन प्रकारे मांडून ठेवता येई, एक कामाचा, एक खासगी. एक कळ दाबली की ऑफिस मिटे आणि घर उघडे. पुढच्या पंधरा वर्षांत जे दुर्मीळ झाले ते नेमके हे: काम कुठे संपते याची खूण करणारी कळ.

त्या स्पर्धेत काच जिंकली, हे सांगायला नको. आयफोन २००७ साली अमेरिकेत आणि २००८च्या ऑगस्टमध्ये भारतात आला. कळफलकाचा मानबिंदू असलेल्या ब्लॅकबेरीच्या जुन्या यंत्रांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी थांबली. मधल्या काळात, ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि आंतरजालाचे दर इतके कोसळले की चित्रपट पाहणे ही पत्र पाठवण्याइतकी स्वस्त गोष्ट झाली. पुढच्याच वर्षी आलेल्या जिओफोनला कळा होत्या, मोठी काच नव्हती. तरी त्याची जाहिरात गाणी आणि चित्रपट यांच्याच नावाने झाली. म्हणजे कळा असलेला फोन कामाचा आणि काच असलेला चैनीचा, ही सोपी विभागणीही मोडली. आज दुकानात गेलेल्या पालकाला यंत्राच्या चेहऱ्यावरून त्याचा स्वभाव ओळखता येत नाही. मग पाहायचे काय?

यासाठी थोडे दूर, कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जावे लागेल. मराठी शाळेच्या समारंभात हेग्गडदेवनकोटे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले एच. डी. कोटे, कशाला, असे कोणी विचारील. कारण एवढेच, की कामाचे यंत्र आणि करमणुकीचे यंत्र तिथे एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी दिसतात. या तालुक्याला नागरहोळे आणि बंडीपूरची अरण्ये लागून आहेत, पलीकडे केरळचे वायनाड. १९७४ साली पूर्ण झालेल्या कबिनी धरणाच्या जलाशयाकाठी पर्यटकांची महागडी निवासस्थाने आहेत. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावरच्या गवतासाठी हत्तींचे कळप उतरतात आणि त्यांच्याकडे शेकडो भिंगे रोखली जातात. त्याच जंगलाच्या कडेला रागी, कापूस, मका पिकवणारा शेतकरी राहतो, आणि जेनु कुरुब, काडु कुरुब, यरव, सोलिग या आदिवासींच्या हाडी, म्हणजे पाडे, आहेत. पर्यटकाच्या काचेवर जो हत्ती शोभिवंत दिसतो तोच रात्री या लोकांच्या शेतात शिरलेला असतो. पीक हाताशी आलेले असताना एका रात्रीत वर्षाची कमाई जाते.

अशा शेतकऱ्याला शासनाकडून नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद आहे. मात्र तिच्यासाठी अर्ज हवा, जमिनीचा उतारा हवा, ओळखपत्र, बँकेचे पुस्तक, नुकसानीची छायाचित्रे, आणि हे सारे वेळेत वनखात्याच्या कार्यालयात पोचायला हवे. ज्याचे शेत तुडवले गेले आहे त्याने त्याच दिवशी काम टाकून कचेरी गाठायची, ही अपेक्षाच मुळात जड. म्हणून अनेक जण अर्जच करीत नसत. २०१५ साली सेंटर फॉर वाइल्डलाइफ स्टडीज या संस्थेने वन्यजीवशास्त्रज्ञ कृती कारंत यांच्या पुढाकाराने बंडीपूर-नागरहोळे परिसरातील गावांसाठी ‘वाइल्ड सेवे’ हा उपक्रम सुरू केला. त्याचे दार म्हणजे एक निःशुल्क दूरध्वनी क्रमांक. शेतकऱ्याने त्यावर फोन करावा, गाव आणि नुकसान सांगावे. संस्थेचा कार्यकर्ता शेतावर येतो, मोजमाप करतो, छायाचित्रे घेतो, कागदपत्रे जुळवतो आणि अर्ज वनखात्यात दाखल करतो.

या व्यवस्थेतील यंत्रांची वाटणी पाहण्याजोगी आहे. शेतकऱ्याच्या हाती कोणताही फोन चालतो. अगदी जुना, कळा झिजलेला, दोन-तीन दिवस चार्जिंग न मागणारा. त्याला वाचता आले पाहिजे असेही नाही, बोलता आले की पुरे. कार्यकर्त्याच्या हाती मात्र छायाचित्र काढणारा आणि माहिती नोंदवणारा फोन लागतो. म्हणजे अवघड यंत्र, ते शिकण्याची जबाबदारी आणि त्याचा खर्च ज्याला पगार मिळतो त्याच्याकडे. सोपे यंत्र ज्याचे पीक गेले त्याच्याकडे. ‘कामाचा फोन’ या शब्दाचा अर्थ इथे यंत्राच्या किमतीवरून ठरत नाही, त्यामागे उभी असलेली माणसे कोणता भार स्वतः उचलतात त्यावरून ठरतो. त्या क्रमांकाच्या दुसऱ्या टोकाला कोणी नसते, तर शेतकऱ्याच्या हाती पन्नास हजारांचा फोन असूनही हत्तीने खाल्लेली रागी तशीच विसरली गेली असती.

हे उदाहरण इतके मनोहर आहे की त्यावरून साधा फोनच श्रेष्ठ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कारण त्याच तालुक्यातल्या, त्याच घरातल्या मुलाच्या बाबतीत उत्तर उलटे निघाले.

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. कर्नाटक शासनाने त्या ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ ही योजना आणली. शिक्षकांनी मुलांच्या वस्तीत जाऊन, देवळाच्या ओवरीत किंवा झाडाखाली लहान गट करून शिकवायचे, अशी तिची मांडणी. तिच्यात मुलांचे तीन काल्पनिक वर्ग कल्पिले होते: घरी कोणतेच यंत्र नसलेली मुले, साधा फोन असलेली मुले, आणि आंतरजालासह स्मार्टफोन असलेली मुले. शिक्षकाने कोणापर्यंत कसे पोचायचे याची ती व्यवहार्य विभागणी होती आणि हेतू यंत्र नसलेल्यांना वाऱ्यावर न सोडण्याचा होता. तरीही त्या यादीकडे पाहताना मन अस्वस्थ होते. इयत्ता, तुकडी, हजेरीपट यांच्या जोडीला ‘घरातला फोन’ ही मुलाची एक नवी ओळख शाळेच्या दप्तरात शिरली. शेतकरी बापाने बरोबर हिशेब करून कामापुरता फोन घेतला होता. त्याच हिशेबाने मुलगा दुसऱ्या वर्गात जाऊन बसला. संसर्गाच्या बातम्यांमुळे ऑक्टोबरात विद्यागम थांबवावी लागली, आणि तेव्हा तर काच असलेली मुले आणि नसलेली मुले यांच्यातले अंतर भरून काढणारा शिक्षकही वस्तीत येईनासा झाला.

महाराष्ट्रात त्याच जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. मुले बिघडवते म्हणून ज्या दूरचित्रवाणी संचाला घराघरांत दूषणे दिली गेली, परीक्षेच्या दिवसांत ज्यावर कापड टाकले गेले, तोच संच वर्ग झाला. इथे जमलेल्या पालकांपैकी पुष्कळांच्या मुलांनी ती मालिका पाहिली असेल. करमणुकीच्या यंत्राला काम सांगता येते, याचा याहून जवळचा पुरावा नको.

पण नुसते सांगून भागत नाही, हे मराठी मुलखात फार पूर्वी तपासून झाले आहे. हा प्रयोग विस्मृतीत गेला आहे. त्याला थोडा वेळ दिला पाहिजे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुण्याच्या केंद्रावरून पश्चिम महाराष्ट्रातील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांसाठी एक कार्यक्रम चालवला. (आकाशवाणी हे नावही म्हैसूरचेच. तिथल्या विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली स्वतःच्या घरात नभोवाणी केंद्र उभारले, त्या केंद्राचे हे नाव पुढे देशाचे झाले.) आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचे प्रक्षेपण होई. गावात श्रोत्यांचे मंडळ असे, त्याला अध्यक्ष आणि चिटणीस असत. कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची, प्रश्न लिहून पुण्याला पाठवायचे, आणि पटले ते शेतात करून पाहायचे. समाजशास्त्रज्ञ पॉल न्युरॅथ यांनी टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने त्याचे मूल्यमापन केले, आणि त्यासाठी तीन प्रकारची गावे ताडून पाहिली: मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली, आणि दोन्ही नसलेली. मंडळांच्या गावांत शेतीविषयक ज्ञानात लक्षणीय वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ अगदीच थोडी होती.

यंत्र दोन्हीकडे होते. आवाज तोच, वेळ तीच, निवेदक तेच. फरक होता तो रेडिओ बंद झाल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात. मंडळाच्या गावात माणसे त्यानंतर उठून जात नसत. आजच्या भाषेत सांगायचे तर नुसता रेडिओ असलेल्या गावाने करमणुकीचे यंत्र घेतले होते आणि मंडळ असलेल्या गावाने कामाचे; दुकानातून मात्र दोघांनीही एकच वस्तू आणली असती.

याची दुसरी बाजूही लपवता कामा नये. व्यवस्था चांगली आणि हेतू शुद्ध असला तरी यंत्र वाईट असेल तर काम बुडते. महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक अंगणवाडी सेविकांना २०१९च्या सुमारास शासनाने फोन दिले. बालकांची वजने, उंची, पोषण आहाराचे वाटप, गरोदर मातांच्या नोंदी हे सारे आधी जाडजूड रजिस्टरांत लिहिले जाई. ते फोनवर यावे हा उद्देश. कामाचा फोन म्हणावा तो हाच, दुसरे कोणतेही प्रयोजन नसलेला. परंतु फोनची स्मरणक्षमता तोकडी होती, तो तापे, मध्येच बंद पडे, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या तुटपुंज्या मानधनावर येई. मार्च २०२१पासून पोषण ट्रॅकर हे नवे ॲप आले, ते इंग्रजीत. ज्या बाईने वीस वर्षे मराठीत सुवाच्य अक्षरांत नोंदी ठेवल्या, तिला स्वतःच्याच अंगणवाडीतल्या मुलाचे नाव परक्या लिपीत टंकावे लागू लागले. त्या ऑगस्टमध्ये राज्यभरातील सेविकांनी फोन परत करण्याचे आंदोलन केले. प्रकल्प कार्यालयांत फोनांचे ढीग जमले.

त्या ढिगाकडे तंत्रज्ञानाचा द्वेष म्हणून पाहणाऱ्यांना ती गोष्ट कळलीच नाही. सेविकांची मागणी चांगला फोन आणि मराठी ॲप अशी होती. रजिस्टर परत द्या, एवढेच त्यांना म्हणायचे नव्हते. मराठी माध्यमाच्या शाळेतील पालकांना तर हे विशेष उमगावे. कामाचे यंत्र म्हणजे कमी पैशांचे, कमी ताकदीचे, रंगहीन यंत्र, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. मुलांसाठी फोन घेतानाही ‘शिकायलाच तर हवा’ म्हणून घरातला सर्वांत जुना, मंद, काच तडकलेला फोन त्यांच्या वाट्याला येतो. खेळायला लागणाऱ्या फोनपेक्षा शिकायला लागणारा फोन कमी दर्जाचा चालतो, हे कोणी ठरवले? आकृती दिसत नाही, अक्षर वाचवत नाही, धडा उघडायला पाच मिनिटे लागतात. मग मूल त्या यंत्रावर धड शिकत नाही आणि धड खेळतही नाही, नुसते घासत बसते.

आता आकडे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २०२३ साली १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींकडे लक्ष दिले. देशभरातून २८ जिल्हे निवडले होते. कर्नाटकातून म्हैसूर, महाराष्ट्रातून नांदेड. एकूण पाहणीत सुमारे ८९ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. म्हणजे काच असावी की नसावी, हा प्रश्न ग्रामीण भागातही बव्हंशी निकालात निघाला आहे. आदल्या आठवड्यात फोनचा उपयोग अभ्यासाशी संबंधित कशासाठी तरी केल्याचे सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी सांगितले. समाजमाध्यमांसाठी केल्याचे सुमारे ९० टक्क्यांनी. या दोन आकड्यांवर वर्तमानपत्रांत लिहून आले, आणि घरोघरी ‘बघ, मी सांगत नव्हतो?’ असे म्हणून झाले.

ज्या आकड्याची फारशी चर्चा झाली नाही तो वेगळा आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांचा स्वतःचा फोन होता. मुलींपैकी १९.८ टक्के. निम्म्याहूनही कमी. कामाचा फोन की करमणुकीचा, हा दिवाणखान्यातला वाद ज्या घरांत रंगतो त्यांतल्या अनेक घरांत मुलीपुरता तो वादच नसतो. तिने भावाचा, वडिलांचा फोन मागून घ्यायचा असतो आणि मागताना कारण सांगायचे असते. भावाने खेळ खेळला तर ‘वेळ फुकट घालवतो’ एवढ्यावर भागते. मुलगी फोन घेऊन गच्चीवर गेली तर वेगळे प्रश्न सुरू होतात. ‘कामापुरता’ हा शब्द मुलग्याच्या बाबतीत सल्ला असतो, मुलीच्या बाबतीत अट. या शाळेच्या ज्या माजी विद्यार्थिनी आज सभागृहात आहेत त्यांच्यापैकी कित्येकींना सायकलच्या बाबतीत नेमका हाच अनुभव आला असेल: क्लासला जाण्यापुरती.

यंत्राची निवड करताना म्हणून दुकानातल्या तुलनापत्रकापेक्षा घरातले काही साधे प्रश्न अधिक उपयोगी पडतात. हा फोन कोणाच्या हाती राहणार? कोणत्या भाषेत त्यावर लिहिले जाणार, आणि मराठी टंकलेखन त्यावर नीट चालते का? बिघडला तर पैसे कोण देणार? कळफलक असो वा काच, त्यावर मूल काही लिहिणार आहे की फक्त वर सरकवणार आहे? ई-७१च्या काळातील ती एक खरी देणगी होती. समोर अक्षरांच्या कळा दिसल्या की माणसाला लिहावेसे वाटे. काच तसे सुचवत नाही. तिच्यावर कळा हव्या असतील तर त्या आपणच मागाव्या लागतात. काचेने देऊ केलेल्या गोष्टी मात्र न मागता येत राहतात, एकीमागून एक, आणि त्यांना शेवटचे पान नसते.

म्हणून कुठे थांबायचे ते काही गावांनी स्वतःच ठरवून घेतले. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. शाळा पुन्हा उघडल्या तरी मुलांचे लक्ष फोनमधून निघेना, अशी शिक्षकांची तक्रार होती. पालक मुलांना रागावत, आणि रागावून झाल्यावर स्वतःच्या फोनकडे वळत. २०२२च्या ऑगस्टमध्ये ग्रामसभेत ठराव झाला. गावातल्या मंदिरावर भोंगा बसवला. संध्याकाळी सात वाजता तो वाजतो. घराघरांतले दूरचित्रवाणी संच आणि फोन बंद करायचे, साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत. सुरुवातीला लोक हसले. मग ग्रामपंचायतीचे कर्मचारी, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. कोणाच्या घरात पडदा उजळलेला दिसला तर समजावून पुढे जात. तो दीड तास मुलांनी अभ्यासाला बसायचे आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. फोन कोणी काढून घेतला नाही, कोणाला साधा फोन घ्यायला लावले नाही. आणि भोंगा फक्त मुलांसाठी वाजत नव्हता.

इतर काही गावांनी मुलांवर सरसकट बंदी घालणारे ठराव केले, तेही याच सुमारास गाजले. बंदीचा ठराव करणे त्यामानाने सोपे. तो मोठ्यांनी करायचा आणि लहानांनी पाळायचा असतो. वडगावच्या बाबतीत बापालाही सात वाजता बातम्या अर्ध्यावर सोडाव्या लागल्या, आईलाही मालिका. पुण्याच्या रेडिओ मंडळांत जो अर्धा-पाऊण तास होता, तोच इथे भोंग्याने काढून दिला.

या समारंभाची वेळ साडेसहाची ठेवली आहे, म्हणजे वडगावात अजून भोंगा व्हायचा आहे. प्रेक्षागृहात मागच्या रांगांत काही पडदे उजळलेले दिसतात. त्यांतले काही आपल्या शाळेचे, या मंचाचे, जुन्या वर्गमित्रांचे छायाचित्र घेत असतील, काही आणखी कशात असतील. इतक्या लांबून कोणता कोणत्या कामाला लागला आहे ते ओळखता येत नाही.